कायरोप्रॅक्टिकच्या निरनिराळ्या पद्धती : कंबरदुखीत नेमका फरक कशाने पडतो?

मिसिसिपीकाठी

नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे आयोवा राज्यात बेटेंडॉर्फला राहतो आणि मी नोकरीसाठी रोज नदी ओलांडून पलीकडे मोलीनला जातो. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याहून इथे आलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना इथे आल्यावरच कळते की शेजारचे डॅव्हनपोर्ट हे कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे मणक्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करण्याच्या शास्त्राचे, जन्मगाव आहे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या इमारतीच्या झाडलोटीचे काम पाहणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागले, असा दावा केला. त्या दाव्यावर आज फारसे कोणी विसंबत नाही, परंतु १८९७ साली पामर यांनी सुरू केलेली शाळा आजही ब्रेडी स्ट्रीटच्या चढावर महाविद्यालयाच्या रूपाने उभी आहे, आणि त्यामुळे आमच्या भागात कोपऱ्याकोपऱ्यावर कायरोप्रॅक्टरचे दवाखाने आहेत.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दारापुढचा बर्फ ओढताना माझ्या कमरेत उसण भरली. चार दिवसांत दुखणे डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरले. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी डावीकडे बाहेर आलेली दिसली. पायातली ताकद शाबूत असल्यामुळे शस्त्रक्रियेची घाई नाही, हिंडतेफिरते राहा, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतरच्या दीड वर्षात मी तीन कायरोप्रॅक्टरांकडे गेलो, आणि तिघांच्या पद्धती इतक्या वेगळ्या निघाल्या की हे तिघे एकाच शास्त्राचे पदवीधर आहेत यावर माझा विश्वास बसेना. म्हणून हा धागा काढत आहे.

पहिल्यांची पद्धत 'डायव्हर्सिफाइड' होती. अमेरिकेत सर्वाधिक चालते ती हीच. मला उजव्या कुशीवर झोपवून वरचा गुडघा छातीकडे दुमडला, खांदा मागे दाबून धरला आणि कमरेवर तळहाताची कड ठेवून एक छोटा, अतिशय वेगवान झटका दिला. दोनतीनदा कट्कट् आवाज झाला. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी मांडी घालून जेवलो, पण तिसऱ्या दिवशी दुखणे होते तिथेच आले. आवाज झाला म्हणजे हाड जागेवर बसले, अशी माझी समजूत होती. नंतर वाचले तेव्हा कळले की २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी एमआरआय चालू ठेवून बोट मोडण्याची क्रिया टिपली, आणि सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांपासून सुटताना आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्या क्षणी आवाज येतो, असे दाखवले. म्हणजे बोटे मोडताना जे घडते तेच पाठीतही घडत असावे, आणि कोणते हाड कुठे बसले याची खूण त्या आवाजात नाही.

दुसरे 'गोन्स्टेड' पद्धतीचे. ही पद्धत विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेब या छोट्या गावात क्लॅरेन्स गोन्स्टेड यांनी घडवली, आणि त्यांच्याकडे लांबून येणाऱ्या रुग्णांसाठी दवाखान्याशेजारी मोटेलसुद्धा उभे राहिले होते. इथे मोजमाप फार. दोन दांड्यांचे एक उपकरण मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढत नेतात आणि दोन्हीकडच्या त्वचेच्या तापमानातला फरक पाहतात. मग उभे राहून पूर्ण पाठीचा एक्सरे काढतात, आणि त्या फिल्मवर पट्टीने रेघा मारून कोणता मणका किती कलला हे ठरवतात. झटका एकाच मणक्याला, एकाच दिशेने. माझा पिंड अभियंत्याचा असल्यामुळे हे सगळे मला मनापासून पटले. तीन महिने मी आठवड्यातून दोनदा गेलो. पाठीचा ताठरपणा कमी झाला, परंतु पोटरीतली कळ गेली नाही. महिन्यानंतर दुसरा एक्सरे काढला तेव्हा रेघा बदललेल्या होत्या आणि मला त्याचा आनंदही झाला, पण त्याच आठवड्यात कळ वाढली होती. रेघ सुधारली आणि माणूस सुधारला नाही, याचे उत्तर त्या डॉक्टरांकडे नव्हते.

तिसऱ्यांकडे 'फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन' होते, म्हणजे जेम्स कॉक्स यांनी १९६०च्या दशकापासून विकसित केलेली खास टेबलाची पद्धत. तुम्ही पालथे झोपता, घोटे पट्ट्याने अडकवतात, आणि टेबलाचा कमरेखालचा भाग हळूहळू खाली झुकतो. डॉक्टरांचा एक तळहात दुखऱ्या मणक्याच्या वर असतो आणि दुसऱ्या हाताने ते टेबल झुकवतात. चारेक सेकंदांचा एक झोका, असे पाच झोके, मग थोडी विश्रांती, पुन्हा पाच. आवाज नाही, झटका नाही. पहिल्या झोक्याला पोटरीत काय होते हे त्यांनी विचारले आणि कळ खाली उतरली तर लगेच थांबू, असे बजावले. सहाव्या भेटीपर्यंत कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कुल्ल्यात सरकली. याच डॉक्टरांनी मला रोज वीस मिनिटे चालायला आणि दोन व्यायाम करायला लावले, जे आधीच्या दोघांनी कधीच सांगितले नव्हते.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर गुण कशाचा, हे मला ठरवता येत नाही. गादीचे दुखणे बरेचदा काही महिन्यांत आपोआप उतरते आणि तिसऱ्या डॉक्टरांकडे मी उशिरा पोहोचलो. चालणेही तेव्हाच सुरू झाले. बिले काढून पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दोघांनी विम्याकडे पाठवलेला संकेतांक एकच होता, ९८९४१, म्हणजे मणक्याच्या तीन ते चार भागांवर हाताने केलेला उपचार. एक किंवा दोन भाग असतील तर ९८९४० आणि पाचही असतील तर ९८९४२. विमा कंपनीच्या लेखी डायव्हर्सिफाइड आणि गोन्स्टेड यांत फरकच नाही. मग जाहिरातीत पद्धतीचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत का असते?

तुमचे अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. पद्धत निवडताना तुम्ही काय पाहिले?

एडिसनकर

आपण फार बारकाईने लिहिले आहे. माझे वय ६७ असून गेली तीस वर्षे आम्ही न्यू जर्सीत आहोत. आपल्या यादीत नसलेल्या एका पद्धतीचा अनुभव लिहितो, कारण त्यात माझे पैसे आणि चार महिने गेले आणि दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत असे मला वाटते.

मला मान आखडण्याचा त्रास होता आणि अधूनमधून गरगरत असे. ओळखीतल्या एकांनी 'अप्पर सर्व्हायकल' पद्धतीच्या एका दवाखान्याचे नाव सुचवले. या पद्धतीत फक्त मानेचे वरचे दोन मणके महत्त्वाचे मानतात. तिचे मूळ पामर यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांच्या १९३०च्या दशकातल्या विचारात आहे. सर्व आजारांचे मूळ सर्वांत वरच्या मणक्यात आहे, अशा निष्कर्षाला ते तेव्हा आले होते. आज तिच्या अनेक शाखा आहेत. माझ्या दवाखान्यात मानेचे एक्सरे काढले, मग मला कुशीवर झोपवून कानामागे खाली इतका हलका दाब दिला की उपचार झाला हे मला सांगावे लागले. त्यानंतर पंधरा मिनिटे अंधाऱ्या खोलीत विश्रांती.

हलका दाब असल्याने भीती वाटली नाही, हे खरे आहे. तथापि पहिल्याच भेटीत माझ्यापुढे ३६ भेटींचा करार ठेवला गेला आणि २४०० डॉलर आगाऊ भरल्यास सवलत मिळेल, असे सांगण्यात आले. मी मेडिकेअरवर, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर आहे. मेडिकेअरने १९७२च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरची सेवा मान्य केली, परंतु तिची व्याप्ती अतिशय अरुंद आहे. 'सबलक्सेशन' (मणका जागेवरून किंचित ढळला आहे, असे मानणे) दुरुस्त करण्यासाठी मणक्यावर हाताने केलेला उपचार, एवढेच त्यात येते. कायरोप्रॅक्टरने काढलेला एक्सरे येत नाही, तपासणी येत नाही, आणि दुखणे स्थिरावल्यावर केवळ 'देखभाल' म्हणून चालू ठेवलेल्या भेटीही येत नाहीत. हे मला कोणी सांगितले नाही. मी विचारले नाही, हा माझा दोष आहे, पण करार पुढे करणाऱ्याने सांगायला हवे होते, असे माझे आजही ठाम मत आहे. बाराव्या भेटीनंतर मी थांबलो आणि उरलेले पैसे मिळवायला मला तीन पत्रे लिहावी लागली.

गरगरण्याचे कारण शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे सापडले. आतल्या कानातले कण सरकले होते आणि डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एका क्रियेने दोन भेटींत ते थांबले. आणखी एक इशारा आवश्यक आहे. त्या दवाखान्याच्या भिंतीवर रक्तदाब उतरल्याच्या एका अभ्यासाचे कात्रण लावलेले होते. तो अभ्यास २००७ सालचा, शिकागोतला आणि खराही आहे, परंतु त्यात अवघे ५० रुग्ण होते. त्या कात्रणाच्या भरवशावर कोणीही रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

मृण्मयी_कोथरूड

मी फिजिओथेरपिस्ट असून पुण्यात बारा वर्षे मणक्याच्या रुग्णांबरोबर काम करते. मूळ प्रश्नाकडे येण्याआधी एका शब्दाबद्दल लिहिणे भाग आहे. 'गादी सरकली' हा आपल्याकडचा रूढ शब्द आहे आणि माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण 'ती बसवून द्या' असेच म्हणत येतात. दोन मणक्यांमधली चकती त्यांना वरून खालून घट्ट चिकटलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचे बाहेरचे वेष्टण झिजते किंवा फाटते, आतला मऊ भाग फुगून बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला त्याचा दाब किंवा दाह पोहोचतो. त्यामुळे ती कोणत्याही झटक्याने आत ढकलली जात नाही. कालांतराने शरीरच बाहेर आलेला भाग बहुतेकदा शोषून घेते.

मग झटक्याने बरे का वाटते? त्या झटक्याने सांध्याभोवतालच्या स्नायूंचा ताठरपणा काही काळ सैल होतो, वेदनेची मज्जासंस्थेतली तीव्रता उतरते आणि माणूस न घाबरता हालचाल करू लागतो. हा परिणाम खरा आहे, पण थोडा काळ टिकणारा आहे. त्या काळात व्यायाम सुरू केला तर त्याचे सोने होते. नाही केला तर तुमच्यासारखे तिसऱ्या दिवशी दुखणे परत येते.

पद्धतींच्या तुलनेबद्दल दोन अभ्यास सांगते. कॅनडात २००४ साली संशोधकांनी पाठीवर संवेदक लावून, कायरोप्रॅक्टरने ठरवलेला मणका आणि प्रत्यक्षात आवाज झालेला सांधा यांतले अंतर मोजले. कमरेत ते सरासरी ५ सेंटीमीटरहून अधिक भरले, म्हणजे नेम किमान एक मणका चुकत होता. एकाच मणक्याला एकाच दिशेने झटका देतो, या गोन्स्टेडच्या दाव्याकडे मी त्यामुळे सावधपणे पाहते. मोजमापाची शिस्त चांगली आहे, पण मोजलेली गोष्ट दुखण्याशी जोडलेली आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे. एक्सरेवरच्या रेघा तुम्ही त्या दिवशी कसे उभे राहिलात यानेही बदलतात.

दुसरा अभ्यास २०१५ सालचा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. कंबरदुखी सुरू होऊन बारा आठवड्यांपेक्षा कमी काळ झालेल्या १०७ जणांचे तीन गट केले होते. एकाला हाताने झटका, दुसऱ्याला स्प्रिंगच्या हातोडीसारख्या उपकरणाने ठोका, तिसऱ्याला नेहमीचे वैद्यकीय उपचार. चार आठवड्यांनी हाताच्या झटक्याचा गट पुढे होता. तीन आणि सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. याचा मला उमगलेला अर्थ असा की पद्धत बदलल्याने आराम किती लवकर पडतो हे काही प्रमाणात बदलते, अंतिम मुक्काम फारसा बदलत नाही.

आणि हा झटका कायरोप्रॅक्टरांची मक्तेदारी नाही. आम्ही शिकतो त्या मेटलंड पद्धतीत सांध्याच्या हालचालीच्या पाच पायऱ्या आहेत, त्यांतली पाचवी म्हणजे हाच झटका. पहिल्या चार पायऱ्यांवर काम भागत असेल तर मी पाचवीवर जात नाही.

मिसिसिपीकाठी

एडिसनकर काका, पैशांचे इतके स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या दुसऱ्या दवाखान्यातही २४ भेटींचा तक्ता होता, फक्त आगाऊ रक्कम मागितली नव्हती.

मृण्मयीताई, मुक्कामाबद्दलचे तुमचे वाक्य मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. एक शंका आहे. पहिल्या चार आठवड्यांत आराम पडणे हे माझ्यासारख्या नोकरदाराला लहान वाटत नाही. त्या चार आठवड्यांत मी गाडी चालवू शकतो की नाही, यावर माझी रजा अवलंबून होती.

मृण्मयी_कोथरूड

तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी ते कमी लेखत नाही. अमेरिकेतल्या सैन्यदलातल्या ७५० जणांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिलेल्या गटाचे दुखणे सहा आठवड्यांनी अधिक कमी झालेले दिसले. कामावर लवकर परतणे हा खरा लाभ आहे. माझा आक्षेप फक्त सहा आठवड्यांचा लाभ दाखवून सहा महिन्यांचा करार करण्याला आहे.

गोदातीर

माझा प्रश्न आईबद्दल आहे. ती ७२ वर्षांची आहे आणि आम्ही नाशिकला राहतो. मोबाइलवर मान मोडण्याचे आणि टॉवेलने डोके खेचण्याचे व्हिडिओ पाहून भावाने एका 'कायरो' दवाखान्यात तिचे नाव नोंदवले आहे. तिची पाठ वरच्या बाजूला गेल्या वर्षभरात वाकत चालली आहे आणि उंचीही कमी झाल्यासारखी वाटते. पूर्वी आमच्या गावी उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेत असत. तिला वाटते हेही तसेच काहीतरी असेल. हलकी पद्धत निवडली तर चालेल का?

मृण्मयी_कोथरूड

कृपया ती भेट आजच रद्द करा. वाकत जाणारी पाठ आणि कमी होणारी उंची ही हाडे ठिसूळ झाल्याची आणि एखादा मणका दबून मोडल्याची खूण असू शकते. अशा पाठीवर झटका दिला तर नवा अस्थिभंग होऊ शकतो. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्सरे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे यांपैकी काही आहे का, तेही पाहा.

आणखी एक गोष्ट. आयोवात किंवा न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टर म्हणजे राज्याचा परवाना असलेला पदवीधर. भारतात या व्यवसायासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. परदेशातून पूर्ण पदवी घेऊन आलेले थोडे लोक इथे आहेत, त्याचबरोबर काही दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र लावणारेही आहेत, आणि पाटीवर दोघांचेही शब्द सारखेच दिसतात. म्हणून भावाला एवढेच विचारायला सांगा की पदवी कोणती, किती वर्षांची आणि कोणत्या संस्थेची.

मिसिसिपीकाठी

मृण्मयीताईंचे सांगणे आधी पाळा. हलक्या पद्धतींबद्दल केवळ माहिती म्हणून लिहितो, कारण माझ्या सासूबाईंना इथे त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीने अशा दोन पद्धतींचे उपचार मिळाले होते. 'थॉम्पसन' पद्धतीत टेबलाचा एक तुकडा बोटभर वर उचलून ठेवलेला असतो, त्यावर कंबर टेकते, आणि दाब देताच तो तुकडा धाडकन खाली बसतो. त्यामुळे कमी जोरात काम भागते. आवाज मात्र मोठा होतो आणि आधी सांगितले नाही तर माणूस दचकतो. 'अ‍ॅक्टिव्हेटर' म्हणजे मृण्मयीताईंनी सांगितलेली स्प्रिंगची हातोडी. स्टेपलर दाबल्यासारखा टक् आवाज येतो आणि बोटाने टिचकी मारल्याइतकेच जाणवते. दोन्ही पद्धतींत पालथे झोपवून दोन्ही टाचा जुळवतात आणि कोणता पाय आखूड दिसतो यावरून पुढचे ठरवतात. सासूबाईंचा आखूड पाय एका भेटीत डावा निघाला आणि पुढच्या भेटीत उजवा, त्यामुळे या चाचणीवर माझा भरवसा बसला नाही. उपचार सौम्य असला तरी निदान पक्के असते असे नाही, हे मी त्या दोन भेटींत शिकलो.

लेस्टरवासी

इंग्लंडमधली बाजू मांडतो. इथे १९९४च्या कायद्याने 'कायरोप्रॅक्टर' ही उपाधी संरक्षित आहे आणि नोंदणीशिवाय ती लावणे गुन्हा ठरतो. आपण ज्या पद्धतींची तुलना करत आहात त्यांच्यापेक्षा जुना आणि खोल असा एक भेद या व्यवसायात आहे, तो लक्षात घेतल्यास निवड सोपी होईल, असे मला वाटते. पामर यांच्या काळापासून दोन तट आहेत. 'स्ट्रेट' म्हणवणारे मणक्यांच्या सबलक्सेशनमुळे शरीराची चेतना अडते आणि त्यातून आजार होतात, असे मानतात. त्यांच्या दृष्टीने दुखणे असो वा नसो, मणके तपासत राहणे आवश्यक असते. 'मिक्सर' म्हणवणारे झटक्याबरोबर व्यायाम, मसाज, शेक आणि सल्ला यांचे मिश्रण करतात व बहुधा पाठ, मान आणि सांध्यांच्या दुखण्यापुरते स्वतःला मर्यादित ठेवतात. इथल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० साली जाहीर केले की सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ती आजाराचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. नियामक संस्थेने आपल्याच व्यवसायाच्या पायाभूत शब्दाबद्दल असे लिहावे, याला मी मोठे धैर्य मानतो. अमेरिकेत मेडिकेअरच्या बिलात तोच शब्द अजूनही लिहावा लागतो, हे एडिसनकरांच्या प्रतिसादावरून दिसते.

मी गेलो तो दवाखाना दुसऱ्या तटाचा होता. त्यांनी एक्सरे काढलाच नाही. पहिल्या भेटीतला अर्धा तास प्रश्न विचारण्यात आणि पायांची ताकद, स्पर्श व गुडघ्याचे प्रतिक्षेप तपासण्यात गेला. इथल्या २०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे देऊ नयेत, असे म्हटले आहे आणि त्यांनी ते पाळले. त्यांनी वापरलेली पद्धत डायव्हर्सिफाइडच होती, म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टरांचीच, तरीही अनुभव पूर्ण वेगळा आला.

अनघा_ठाणे

मानेच्या झटक्याबद्दल कोणी स्पष्ट लिहील का? माझे यजमान केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान दोन्हीकडे मोडून घेतात आणि मी विरोध केला की इंग्लंड-अमेरिकेत हेच डॉक्टर करतात, असे उत्तर मिळते.

मृण्मयी_कोथरूड

अनघाताई, मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्यापाशी त्या वळसा घेतात. मान जोराने पिळली गेली तर तिथे रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हे क्वचित घडते. २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने मानेचा झटका आणि ही चीर यांचा संबंध नोंदवला आणि रुग्णाला आधी कल्पना द्यावी, असे सुचवले. याची दुसरी बाजूही लिहायला हवी. कॅनडातल्या ऑन्टारियोत नऊ वर्षांतल्या अशा ८१८ रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जसा संबंध दिसला, तसाच साध्या डॉक्टरांकडे जाण्याशीही दिसला. म्हणजे काहींची चीर आधीच पडलेली असावी आणि तिचीच मानदुखी घेऊन ते उपचाराला गेले असावेत. म्हणून अचानक उठलेली, पूर्वी कधी न झालेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, बोलताना अडखळणे, दोन दोन दिसणे, तोल जाणे यांपैकी काही असेल तर मानेला कोणाचाही हात लागू न देता रुग्णालयात जावे.

पद्धतींपुरते बोलायचे तर गोन्स्टेडमध्ये खुर्चीवर बसवून मान फारशी न पिळता दाब देतात, अप्पर सर्व्हायकलच्या काही शाखांत दाब अत्यंत हलका असतो, आणि डायव्हर्सिफाइडमध्ये पीळ तुलनेने अधिक येतो. न्हाव्याच्या खुर्चीत यांपैकी काहीच नसते. तपासणी नाही, प्रश्न नाहीत, आणि मान कुठवर न्यायची याचे शिक्षण नाही. यजमानांची ही तुलनाच मान्य करू नका.

गोदातीर

सर्वांचे आभार. आईची भेट रद्द केली. एक्सरेत पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने दबलेला निघाला आणि डेक्साही कमी आली. औषध सुरू झाले आहे, आणि फिजिओथेरपिस्ट भिंतीला पाठ लावून उभे राहण्यापासून सुरुवात करून घेत आहेत. भावाने अहवाल स्वतः वाचला आणि त्या दवाखान्याला परत दूरध्वनी केला नाही.

मिसिसिपीकाठी

हे वाचून फार हायसे वाटले. आईंना आमचा नमस्कार सांगा.

लेस्टरवासी यांच्या प्रतिसादानंतर मी माझ्या तिसऱ्या डॉक्टरांना चार प्रश्न लिहून पाठवले होते. एकूण किती भेटी लागतील, गुण येतो आहे हे कशावरून ठरवणार, नाही आला तर काय करणार, आणि एक्सरे कधी काढणार. त्यांनी कालच्या भेटीत टेबल झुकवण्याआधी खुर्ची ओढून उत्तरे दिली. सहा भेटी. पहिल्या आणि सहाव्या भेटीला बसणे, उचलणे, चालणे, झोपणे यांबद्दलचा तोच छापील प्रश्नांचा कागद भरून घेणार आणि त्या कागदावरचे त्रासाचे गुण तीस टक्क्यांनी तरी उतरले नाहीत तर मला परत माझ्या डॉक्टरांकडे पाठवणार. एक्सरे तेव्हाच, जेव्हा मार लागला असेल, ताप किंवा वजन घटणे असेल किंवा पायातली ताकद जाऊ लागेल. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्यांना दूरध्वनीही न करता थेट आपत्कालीन विभागात जायचे, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. मग मी त्यांना विचारले की तुम्ही हीच पद्धत का निवडली. ते म्हणाले की शिकत असताना त्यांची स्वतःची कंबर धरली होती आणि कुशीवर वळवून दिलेला झटका त्यांना सहन होत नव्हता. ज्यांना तो सहन होतो अशा रुग्णांना ते आजही डायव्हर्सिफाइड झटकाच देतात, त्याच खोलीत, शेजारच्या साध्या टेबलावर.